घरी इलेक्ट्रिक गिटार: नेक स्वतः करावी की विकत आणावी?

अनवट_गंधार
सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

सॉलिड बॉडीची इलेक्ट्रिक गिटार स्वतःच्या हाताने बनवायचं ठरवलं आहे. चिपळूणच्या घराचं काम काढलं तेव्हा माजघराची जुनी सागवानी चौकट निघाली. ती भंगारात द्यायला जीव होईना, म्हणून तुकडे करून पुण्याला आणली. प्रत्येक तुकडा साडेचार इंच रुंद आणि अडीच इंच जाड आहे. तीन तुकडे कडेला कड चिकटवले की बॉडीपुरतं लाकूड होतं.

नोकरी भोसरीला मशीन शॉपमध्ये, त्यामुळे मोजमापाची सवय आहे. घरी ड्रिल, ट्रिमर, जिगसॉ आणि थोडे क्लॅम्प आहेत. सुतारकाम मात्र शेल्फ आणि चौरंगापुढे गेलेलं नाही.

मुख्य प्रश्न एकच. नेक, म्हणजे ज्यावर तारा दाबतात तो लांब दांडा, स्वतः करावी की तयार आणून बसवावी? आंतरजालावर दोन्ही बाजूंनी ठामपणे सांगणारे भरपूर भेटतात, पण ते सगळे अल्डर आणि मेपल दुकानात मिळणाऱ्या देशांतले. इथलं लाकूड, इथली हवा, इथला बाजार सांभाळून ज्यांनी गिटार केली आहे त्यांचे अनुभव हवे आहेत. सागाबद्दलही सांगा. पिकअप, म्हणजे तारेच्या थरथरीची वीज करणारं चुंबक-वेटोळं, घरी गुंडाळता येतो का, तेही.


रंधा_पटाशी
सोमवार, रात्री ९:४८

साग चालतो. नाशिकला जुन्या वाड्यांचं लाकूड अजून मिळतं, त्यातून केलेल्या माझ्या गिटारींत सागाच्याही आहेत.

वजनाचा विचार मात्र आधी करा. अल्डरची, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅट गिटारच्या आकाराची बॉडी साधारण दोन किलोची होते, सागाची तेवढीच बॉडी तीन किलोच्या आसपास जाते. त्यावर नेक, खुंट्या, ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) धरलं तर दोन तास उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला ते जाणवतं. पिकगार्डच्या खाली आणि मागच्या बाजूला कप्पे खणून वजन उतरवता येतं. जुन्या चौकटीत खिळ्यांची मोडलेली टोकं असतात, तेव्हा रंधा लावण्याआधी सगळीकडून ताकदवान चुंबक फिरवा. सागात सिलिका असते, त्यामुळे पातं लवकर बोथटतं. दोन-तीन वेळा धार लावायची तयारी ठेवा. आणि सागात तेल असतं. सांधा चिकटवण्याच्या अगदी आधी दोन्ही कडा अॅसिटोनने पुसून घ्या आणि कापड पिवळं व्हायचं थांबलं की लगेच डिंक लावा. तासाभराने तेल परत वर येतं.

नेकबद्दल माझं मत: पहिल्या गिटारीला विकत आणा. बॉडीचा आकार दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर कोणाच्या बापाला कळत नाही. फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीची, खाच अर्धा मिलिमीटर सरकली तर पहिल्याच कॉर्डला कळतं. शिवाय १०-४६ जाडीच्या तारांचा संच मानक सुरात लावला की नेकवर एकूण ४६ किलोच्या आसपास ताण येतो, तोही रात्रंदिवस. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतला ताण सांभाळणारा दांडा, नीट बसला नाही तर नेक धनुष्य होते.


कट्टेकरी_नाम्या
सोमवार, रात्री ९:५५

चौकटीचे फोटो टाका. फोटोशिवाय लाकडाच्या धाग्याला मजा नाही.


जुईली_जोगळेकरीण
सोमवार, रात्री १०:३०

रंधाभाऊ, तुमच्या बाकी सगळ्याला +१, पण नेकबद्दल पूर्ण असहमत. हात चालतो तो नेकवर. तिची जाडी, मागची गोलाई, कडांचा स्पर्श, सगळी गिटार तिथे आहे. तीच विकत आणायची तर घरी केलं काय, फळीला आकार दिला एवढंच.

आणि फ्रेटची भीती घालू नका हो लोकांना. हे गणित बारावीच्या पोराला येईल. एका सप्तकाचे बारा समान भाग म्हणजे दोनचं बारावं मूळ, १.०५९४६. त्यातून भागाकाराचा आकडा निघतो १७.८१७. नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतची लांबी त्याने भागली की पहिला फ्रेट. उरलेली लांबी पुन्हा भागली की दुसरा. फेंडरची ६४८ मिमीची लांबी घेतली तर पहिला फ्रेट नटपासून ३६.३७ वर येतो, दुसरा ७०.७० वर, पाचवा १६२.५५ वर, सातवा २१५.५१ वर आणि बारावा बरोब्बर मध्यावर, ३२४ वर. गिब्सनची लांबी थोडी कमी, ६२८ च्या आसपास; तिला हेच सूत्र.

पूर्वी युरोपातले ल्यूट बनवणारे १७.८१७ ऐवजी सरळ १८ ने भागायचे. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ च्या ग्रंथात हाच नियम मांडला. पण ६४८ ला १८ ने भागत गेलं तर बारावा फ्रेट जवळजवळ अडीच मिलिमीटर अलीकडे येतो. तार दाबली की ताणून सूर थोडा चढतो, त्यात हा फरक काही प्रमाणात भरून निघायचा, म्हणून तो नियम इतका टिकला.

मोजताना प्रत्येक खूण नटपासून करायची, मागच्या फ्रेटपासून नाही. मागच्यापासून मोजलं की प्रत्येक वेळचा केसभर फरक साठत जातो. अनवट_गंधार, तुम्ही मशीन शॉपमध्ये आहात, स्टीलची मोजपट्टी आणि व्हर्नियर तुमच्या हातातलेच. तुम्ही नेक नाही करायची तर कोणी करायची?


मिरजेचा_बाळ
सोमवार, रात्री ११:१५

जुईलीताई, गणित झकास. पण आमच्या मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतारी-तंबोरे होतायत आणि त्यातल्या एकाही कारागिराने १.०५९४६ काढला नसेल. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात, कानाने जागा ठरते. गिटारचा फ्रेट एकदा ठोकला की ठोकला, म्हणून तिथे कागद-पेन्सिल लागते. दोन्हींतली मेहनत सारखीच, जागा वेगळी.

लाकडाबद्दल सांगतो. आमच्याकडे सतारीला आणि तंबोऱ्याला तून वापरतात. हलकं, तांबूस, चांगलं वाळलं की जागचं हलत नाही. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. सतारमेकर गल्लीत जाऊन बसलात तर लाकूड कसं निवडायचं, आडवं कापायचं की उभं, हे तासाभरात जेवढं कळेल तेवढं व्हिडिओ बघून कळणार नाही. तिथली माणसं विचारलं की सांगतात, फक्त काम चालू असताना मध्ये बोलू नका.

तुमची सागाची चौकट तंबोऱ्यासाठी जड झाली असती. सॉलिड बॉडीला ठीक आहे. हलकं हवं असेल तर तून किंवा शिवण बघा. शिवण वाळल्यावर फार कमी वाकते.


तारसप्तक
मंगळवार, सकाळी ८:०५

स्पष्ट बोलतो. महोगनी, अल्डर, ॲश आणि मेपल ही लाकडं सत्तर वर्षं उगीच वापरात नाहीत. लाकूड बदललं की आवाज बदलतो. सागाची गिटार सागासारखीच वाजणार. ज्यांना नावाजलेला आवाज हवा त्यांनी नावाजलेलं लाकूड घ्यावं.


सोल्डरराव
मंगळवार, सकाळी ९:२०

तारसप्तक, अकूस्टिक गिटारीबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तिथे वरची पातळ फळी हवा हलवते, आवाज तिथेच होतो. इलेक्ट्रिकमध्ये पोलादाची तार चुंबकावर थरथरते, वेटोळ्यात वीज तयार होते आणि ती वीज अॅम्प्लिफायरकडे जाते. त्या वेटोळ्याला लाकूड दिसत नाही.

इतिहासच बघा. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ओतीव अॅल्युमिनियमची होती. गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या आसपास चार इंची पाइनच्या ओंडक्यावर तारा चढवून ‘द लॉग’ केली आणि गिटारसारखी दिसावी म्हणून दोन्ही बाजूंना जुन्या गिटारीची अर्धुकं लावली. डॅनइलेक्ट्रोने १९५० च्या दशकात मॅसोनाइट, म्हणजे आपला हार्डबोर्ड, वापरून गिटारी विकल्या आणि त्या आजही लोक शोधत असतात. डॅन आर्मस्ट्राँग यांनी तर पारदर्शक ॲक्रिलिकची बॉडी केली.

लाकडाचा परिणाम शून्य म्हणत नाही. नेक लवचीक असेल, सांधा सैल असेल तर तारेची ऊर्जा लवकर जिरते, काही ठिकाणी सूर पटकन मरतो. पण तो कडकपणाचा आणि सांध्याचा प्रश्न, लाकडाच्या नावाचा नाही.


तारसप्तक
मंगळवार, सकाळी १०:०२

सोल्डरराव, तार टांगलेली कशावर आहे? नट, ब्रिज, नेक, बॉडी. ज्या कंपनांना लाकूड गिळतं ती कंपनं पिकअपपर्यंत पोचतच नाहीत. ‘वेटोळ्याला लाकूड दिसत नाही’ हे अर्धं सत्य झालं. मी माझ्या कानावर विश्वास ठेवतो.


सोल्डरराव
मंगळवार, सकाळी १०:१५

ते गिळणं मान्यच केलं आहे, वर वाचा. आपला वाद प्रमाणाचा आहे. पिकअप तारेच्या दोन मिलिमीटर जवळ घेतला किंवा टोन कॅपॅसिटर ०.०२२ चा काढून ०.०४७ मायक्रोफॅरडचा लावला तर आवाजात जो फरक पडतो तो शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळतो. नवीन माणसाने आधी तिथे वेळ घालवावा.


देवगडचा_वारा
मंगळवार, दुपारी १:४०

लाकूड कुठलंही घ्या, वाळलेलं घ्या. कोकणात जून ते सप्टेंबर लाकूड पाणी पितं आणि आडव्या अंगाने फुगतं. चिपळूणची चौकट कितीही जुनी असली तरी चिरल्यावर आतलं लाकूड पहिल्यांदाच हवेला लागतं. तुकडे हव्या त्या मापापेक्षा थोडे जाड कापा, मध्ये पट्ट्या घालून एकावर एक रचा, टोकांना फेव्हिकॉल किंवा मेण लावून ठेवा. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून तुकड्यावरच पेन्सिलीने लिहा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार.


वऱ्हाडी_ठेचा
मंगळवार, दुपारी २:१०

अन् आमच्या नागपुरात याच्या उलट! एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी होते की फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली नेकवरची लाकडी पट्टी, आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येतात. नेकवरून हात फिरवला की ओरखडे. पुण्यात केलेली नेक आमच्याकडे आणली तर उन्हाळ्यात कडा पुन्हा कानशीने मारून घ्याव्या लागतात. फ्रेटबोर्डला अधूनमधून जवसाच्या तेलाचा हात द्या अन् तेलाचे बोळे उन्हात पसरून वाळवा. गोळा करून टाकले तर ते आपोआप पेट घेऊ शकतात.


लालबागचे_नाना
मंगळवार, संध्याकाळी ६:३०

मंडळी, थोडं अवांतर. तुमचे पिकअप आणि वेटोळी वाचून मला आमची बेंजो पार्टी आठवली.

आजच्या पोरांना ठाऊक नसेल, पण मुंबईत हळदीला आणि गणपतीच्या मिरवणुकीला वाजणारा बेंजो म्हणजे बुलबुल तरंगाचा भाऊच. डाव्या हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या, उजव्या हाताने तारा छेडायच्या. तो ढोल-ताशापुढे ऐकू यावा म्हणून त्याला चुंबकाचा पिकअप बसवलेला असतो आणि भोंग्यातून आवाज काढतात. हे सगळं वर्षानुवर्षं इथल्या गल्लीबोळांतल्या कारागिरांनी केलं. माझे काका वाजवायचे. त्यांचा पिकअप जळला तेव्हा ते तो रिले गुंडाळणाऱ्या एका माणसाकडे घेऊन गेले. तो माणूस संगीतातलं ओ की ठो जाणत नव्हता. त्याने जुनं वेटोळं उलगडलं, तारेची जाडी मोजली, तेवढेच वेढे पुन्हा भरले. संध्याकाळी बेंजो मिरवणुकीत.

म्हणून सांगतो, पिकअप घरी होतो. आपल्याकडे तो फार आधीपासून होत आलाय, फक्त त्याला कोणी छंद म्हटलं नाही.


अनवट_गंधार
मंगळवार, संध्याकाळी ७:१५

नाना, हा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. बेंजोच्या पिकअपबद्दल सविस्तर वेगळा धागा काढाच, विनंती आहे.

सोल्डरराव, आता तुम्हीच सांगा. तार कुठली, वेढे किती, चुंबक कुठून?


सोल्डरराव
मंगळवार, रात्री १०:५०

नानांना दंडवत. आता सविस्तर.

अमेरिकन पुस्तकांत ४२ नंबरची तार लिहिलेली असते, तो त्यांच्याकडचा गेज. आपल्याकडचे दुकानदार एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेज, बोलतात, त्यात ४६ नंबर मागा. जाडी सुमारे ०.०६ मिमी, केसाइतकी. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात इतकी बारीक तार सहसा नसते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास वाइंडिंग वायर विकणाऱ्यांकडे विचारा. स्ट्रॅटच्या पिकअपवर साधारण ८,००० वेढे असतात, म्हणजे एका पिकअपमध्ये किलोमीटरभराहून जास्त तार जाते. झाल्यावर मल्टिमीटरवर ६ किलो-ओमच्या आसपास रोध दिसला पाहिजे. काहीच दिसलं नाही तर तार आत कुठेतरी तुटली.

वेटोळ्याच्या वरखालच्या पट्ट्या हायलम या कडक इन्सुलेटिंग शीटच्या कापा. अल्निकोच्या चुंबकी दांड्या मिळाल्या तर उत्तम. नाही मिळाल्या तर लोखंडी स्क्रू उभे करून खाली फेराइटची पट्टी चिकटवा. स्वस्त पिकअपमध्ये तेच असतं आणि वाजतं चांगलं. निओडिमियमच्या मोहात पडू नका. ते इतकं ओढतं की तार मोकळी थरथरत नाही आणि सूर डळमळतो.

गुंडाळायला शिलाई मशीनची मोटर पुरते, पायाने वेग सांभाळता येतो. वेढे मोजायची युक्ती सांगतो. जुना साधा कॅल्क्युलेटर उघडा, ‘बरोबर’च्या कळीच्या दोन टोकांना रीड स्विच (चुंबक जवळ आलं की आपोआप जोडला जाणारा) जोडा. फिरणाऱ्या चकतीवर एक छोटं चुंबक चिकटवा. कॅल्क्युलेटरवर १ अधिक १ टाका. आता चकतीचा प्रत्येक फेरा म्हणजे कळीचा एक दाब आणि आकडा एकाने पुढे. फार वेगात फिरवलं तर तो आकडे गाळतो, म्हणून जरा दमानं. तार चिमटीतून सोडताना बोटांत फेल्टचा तुकडा धरा. ताण एवढाच की तार सरळ राहील. तुटण्याआधी बोटाला तिचा ताण वाढल्याचं कळतं, तेवढ्यात पाय उचलायचा.

शेवटी मेण. पॅराफिन आणि त्यात थोडं मधमाश्यांचं मेण, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात, ६५ अंशांच्या आसपास. थेट गॅसवर कधीही नाही. पिकअप बुडवला की बुडबुडे येतात. ते थांबले की काढायचा. हे केलं नाही तर आवाज वाढवल्यावर पिकअप शिट्टी मारतो.


ठाणेकर_ठोंब्या
मंगळवार, रात्री ११:२०

गणपतीपर्यंत होईल का गिटार?


रंधा_पटाशी
मंगळवार, रात्री ११:२२

कुठल्या वर्षीच्या?


लीड्सचा_बंड्या
बुधवार, पहाटे ३:१०

घरगुती गिटारीचा धागा आणि क्वीन बँडच्या ब्रायन मेचा उल्लेख अजून नाही?

लंडनजवळ राहणाऱ्या ब्रायन मे आणि त्याचे वडील हॅरल्ड यांनी १९६३ साली ‘रेड स्पेशल’ बनवायला घेतली, कारण फेंडर किंवा गिब्सन परवडत नव्हती. नेक एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून काढली. त्यातली किडीची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. बॉडीत जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड. फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांचे. ट्रेमोलो, म्हणजे दांड्याने हलवून सूर डोलवणारा ब्रिज, सुरीच्या धारेसारख्या पट्टीवर डोलतो आणि त्याला मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आहेत. दांड्याच्या टोकाला विणकामाच्या सुईचं टोक. त्याने पिकअपही आधी स्वतः गुंडाळले होते, पण तार आडवी ओढली की आवाज बिघडायचा, म्हणून पुढे बर्न्स कंपनीचे आणून बसवले.

तीच गिटार घेऊन तो पुढे क्वीनमध्ये वाजला आणि अजून वाजतोय. जुईलीताईंच्या बाजूने माझं मत. नेक त्यांनी हातानेच केली होती.

जाता जाता एक शंका. शिसवीचा फ्रेटबोर्ड लावलेली गिटार भारतातून इकडे आणताना परवाना लागतो का? मध्यंतरी फार गोंधळ होता.


गोंयचो_पाव
बुधवार, सकाळी ७:४५

बंड्या, २०१७ च्या जानेवारीपासून शिसवीच्या सगळ्या प्रजाती साइटिसच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात गेल्या, तेव्हाचा तो गोंधळ. २०१९ च्या नोव्हेंबरअखेरीस तयार वाद्यं आणि त्यांचे तयार भाग त्यातून वगळले. ब्राझिलियन रोजवुड मात्र पहिल्या परिशिष्टात आहे, त्याला ही सूट नाही. कच्ची फळी नेणार असशील तर तो वेगळा विषय.

आणि माझं मत रंधाभाऊंच्या बाजूने. मडगावला आमच्या घरात व्हायोलिन, मँडोलिन, गिटार सगळी दुरुस्तीला येतात. लोक घरी केलेली गिटार आणतात तेव्हा दहापैकी नऊ वेळा बॉडी सुंदर असते आणि फ्रेट वर-खाली. सुंदर बॉडीला कोणी हात लावत नाही मग, भिंतीवर टांगतात.


जुईली_जोगळेकरीण
बुधवार, सकाळी १०:३०

गोंयचो_पाव, फ्रेट वर-खाली असणं हा नेक घरी केल्याचा दोष नाही, ठोकून झाल्यावरचं काम अर्धवट सोडल्याचा आहे. विकतच्या स्वस्त नेकवरही हे काम करावंच लागतं. म्हणून इथे नीट लिहिते.

आधी खाच. साध्या हॅक्सॉची खाच रुंद पडते आणि फ्रेटची खालची पाती सैल बसते. पातळ पात्याची करवत घ्या, खाच ०.६ मिमीच्या आत राहिली पाहिजे. फ्रेटची तार फ्रेटबोर्डच्या गोलाईपेक्षा जरा जास्त वाकवून घ्या, आधी दोन्ही टोकं ठोका, मग मधला भाग. टोकं मग उचलत नाहीत.

सगळे बसले की ट्रस रॉडने नेक अगदी सरळ करा. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करने शाई लावा. एखादी धातूची खात्रीने सपाट पट्टी घ्या, तिला ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि नेकच्या लांबीने हलके हात फिरवा. जे फ्रेट उंच आहेत त्यांची शाई आधी जाते. ज्याची शाई तशीच आहे तो खाली बसलाय. शेवटच्या फ्रेटची शाई निघेपर्यंत थांबायचं नाही. आता माथे सपाट झालेत, ते पुन्हा गोल करायचे. पुन्हा शाई लावा, गोल कानशीने दोन्ही बाजूंनी घासत या, माथ्यावर शाईची एक बारीक रेघ उरली की थांबा. ती रेघ म्हणजे तुमची उंची, तिला कानस लागता कामा नये. मग बारीक स्टील वूलने चमक आणा. त्या वेळी पिकअप जवळ ठेवू नका, लोखंडाचा चुरा चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही.

हे काम मन लावून केलं तर घरची नेक भिंतीवर टांगावी लागत नाही.


गोंयचो_पाव
बुधवार, सकाळी ११:०५

हे असं काम करणारा माणूस असेल तर माझा विरोध मागे. प्रतिसाद जपून ठेवतो, गिऱ्हाइकांना दाखवीन.


लालबागचे_नाना
बुधवार, दुपारी १२:१५

एक काळजीची गोष्ट. गिटारच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात. म्हणजे तुमचा हात थेट अॅम्प्लिफायरच्या अर्थवर असतो. जुन्या चाळींत आणि मांडवात अर्थिंग नुसतं नावाला असतं. दोन पिनांची वायर लावलेला जुना अॅम्प्लिफायर आणि ओला मांडव, यात माणसं दगावली आहेत. मल्टिमीटरने फेज-अर्थ मोजा, २३० च्या जवळ आलं पाहिजे. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी वायरमन बोलवा, गिटार नंतर.


सोल्डरराव
बुधवार, दुपारी १२:४०

नानांच्या प्रतिसादाला +१००. याच अनुषंगाने: तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर अर्थ जोडलेला आहे, शिल्डिंग कमी पडतंय. कप्प्यांना आतून तांब्याची चिकटपट्टी लावा, तुकडे एकमेकांना सोल्डर करा आणि अर्थला जोडा. तरी जी ५० हर्ट्झची घरघर उरते ती एकेरी वेटोळ्याच्या पिकअपची प्रकृतीच आहे. १९५५ साली गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन उलट वेटोळी आणि उलटी चुंबकं जोडून हंबकर केला तो त्यासाठीच. दोन्हींत घरघर सारखी येते आणि एकमेकांना काटते, तारेचा आवाज मात्र जुळून दुप्पट होतो. हंबकर लावलात तर व्हॉल्यूम-टोनचे पॉट ५०० किलो-ओमचे घ्या, एकेरीला २५०.


अनवट_गंधार
बुधवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

ठरवलं ते असं. बॉडी चौकटीच्या सागाचीच, आत कप्पे खणून. पुढचा महिनाभर तुकडे नुसते रचून ठेवणार आणि दर रविवारी वजन. आधी एक साधी तयार नेक आणणार, बोल्टने बसवणार आणि तिच्यावर जुईलीताईंच्या पद्धतीने फ्रेटचं काम करणार. गिटार वाजायला लागली की मग शिसवीचा फ्रेटबोर्ड घालून स्वतःची नेक करायला घेणार. जुनी काढून नवी लावायची, बॉडीला हात लावायची गरज नाही.

एकच विचारायचं राहिलं. नेकचा खड्डा किती खोल आणि ब्रिजची जागा कशी पक्की करायची? ब्रिज हार्डटेल, म्हणजे न हलणारा, घेतला आहे.


कॅलिफोर्नियाची_काकू
गुरुवार, सकाळी ६:१०

हे अगदी फेंडर पद्धतीचं झालं. मी फुलर्टनपासून जवळ राहते, तिथल्या संग्रहालयात लिओ फेंडर यांचं दालन आहे. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० मध्ये त्यांनी बोल्टने बसणाऱ्या नेकची गिटार बाजारात आणली, ती आज टेलिकास्टर म्हणून ओळखतात. बिघडली तर नेक काढा, दुसरी लावा, हाच त्यामागचा विचार. आमचे हे तिथे गेले की तासभर बाहेर येत नाहीत.


जुईली_जोगळेकरीण
गुरुवार, सकाळी ९:००

हा क्रम मला पटला. पण दुसरी नेक करताना धागा काढायचाच, सुटका नाही.


रंधा_पटाशी
गुरुवार, सकाळी ९:४५

फेंडर पद्धतीच्या नेकची टाच ५६ मिमी रुंद आणि २५ मिमी जाड असते. बॉडी ४५ जाड ठेवा, खड्डा १६ खोल. पण कागदावरच्या मापावर विसंबू नका, तुमच्या हातात आलेली नेक ठेवून एमडीएफचा साचा करा आणि तो आधी टाकाऊ फळीवर खणून बघा. नेक हाताने दाबून बसली पाहिजे आणि बॉडी उचलली तर पडता कामा नये. बॉडीतली चार भोकं स्क्रूला मोकळी जातील अशी पाडा, पकड फक्त नेकमध्ये हवी. दोन्हीकडे पकड आली तर सांध्यात फट राहते.

ब्रिजची जागा नेक बसवल्याशिवाय ठरवू नका. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा, त्याच्या दुप्पट अंतरावर बारीक तारेचा सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा), पुढे-मागे सरकायला जागा ठेवून. जाड तारेचा सॅडल त्याच्याही तीनेक मिलिमीटर मागे जातो. मग नटच्या दोन टोकांच्या खाचांतून ब्रिजपर्यंत दोन दोरे ताणा आणि फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून त्यांचं अंतर सारखं येतंय का बघा. सारखं आलं की मगच ब्रिजच्या भोकांच्या खुणा.

हार्डटेलला मागे स्प्रिंगचा कप्पा नाही, ते काम वाचलं. पण ब्रिजच्या खालून व्हॉल्यूम पॉटच्या कप्प्यापर्यंत अर्थच्या वायरीसाठी ३ मिमीचं तिरकं लांब भोक पाडावं लागेल. ते पॉलिशच्या आधी पाडा, लांब ड्रिल बिट लागेल.


अनवट_गंधार
गुरुवार, सकाळी १०:०५

लांब बिट कंपनीत आहे. शनिवारी चौकटीचे फोटो टाकतो.